‘अनईक्वल ट्रीटमेंट’ची व्याख्या अंबरनाथ-बदलापूरला लावून बघताना

आरोग्यसेवेतल्या विषमतेवर सिनॉप्सिस लिहायला घेतलं की पहिल्या दोन-तीन पानांत एक पुस्तक हमखास येतं: ‘अनईक्वल ट्रीटमेंट’. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा हा अहवाल. १९९९ मध्ये तिथल्या काँग्रेसने (म्हणजे त्यांच्या संसदेने) तो मागवला, २००२ मध्ये तो जाहीर झाला आणि २००३ मध्ये पुस्तक म्हणून छापून आला. आपल्याकडे त्याचं काय होतं? संदर्भ दिला जातो, व्याख्या उचलली जाते, ‘वंश’ या शब्दाच्या जागी ‘जात’ किंवा ‘जमात’ टाकली जाते आणि पुढच्या प्रकरणात थेट रिग्रेशन. आज मला त्या व्याख्येशीच भांडायचं आहे. भांडण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात उभं राहून करतोय, कारण माझं काम इथलं आहे आणि ती व्याख्या इथे दोन स्टेशनंसुद्धा टिकत नाही असं माझं मत झालंय.

आधी पुस्तकाचं देणं मान्य करू. शंभरहून जास्त अभ्यास तपासून समितीने दाखवलं की विमा सारखा, उत्पन्न सारखं, आजाराची अवस्था सारखी असली तरी कृष्णवर्णीय रुग्णांना हृदयाची बायपास किंवा मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण कमी वेळा मिळतं. उलट, मधुमेहात पाय कापण्यासारख्या नकोशा शस्त्रक्रिया त्यांच्या वाट्याला जास्त येतात. हे एका सरकारी पाठबळाच्या, प्रतिष्ठित संस्थेने लिहिणं ही मोठी गोष्ट होती. ‘गरीब आहेत म्हणून मागे आहेत’ ही पळवाट त्यांनी बंद केली.

पण ती बंद करण्यासाठी त्यांनी व्याख्या कशी केली ते बघा. विषमता म्हणजे वांशिक गटांमधली सेवेच्या दर्जातली अशी तफावत, जी सेवेपर्यंतच्या पोहोचीमुळे आलेली नाही आणि वैद्यकीय गरज, रुग्णाची पसंती किंवा उपचाराची योग्यता यांमुळेही आलेली नाही. म्हणजे आधी पोहोच वजा करा, मग गरज आणि पसंती वजा करा, आणि जे उरेल ती विषमता.

अमेरिकेत ही वजाबाकी कळण्यासारखी आहे. मेडिकेअर आहे, माजी सैनिकांची रुग्णालयं आहेत. तिथे रुग्ण दारातून आत आलेला असतो, त्याच्या कागदावर त्याचा वंश लिहिलेला असतो, आणि प्रश्न एवढाच उरतो की आत आल्यावर काय झालं. डॉक्टरच्या खोलीतला भेदभाव सिद्ध करायला ही रचना उत्तम. समितीला तेच सिद्ध करायचं होतं.

आता हीच व्याख्या घेऊन बदलापूरला या. बाळंतपणात गुंतागुंत झालेली एक बाई ग्रामीण रुग्णालयात येते. तिथून उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. तिथून गरज पडली तर कळवा किंवा ठाण्याचं सिव्हिल, आणि त्याच्याही पुढे सायन, केईएम. हा रस्ता इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. आता मला सांगा, या साखळीत ‘पोहोच’ कुठे संपते आणि ‘उपचार’ कुठे सुरू होतो? पहिल्या केसपेपरवर ती आत आली आहे. तरीही पुढच्या तीन दारांवर तिला परत पोहोचावं लागणार आहे. प्रत्येक दारावर अँब्युलन्स, सोबतीला माणूस, रक्त देणारा नातेवाईक, फोनवर बोलू शकणारा ओळखीचा कुणीतरी, एका दिवसाचा बुडालेला रोज हे सगळं पुन्हा लागणार. ज्या घरात हे आहे ती पुढे जाते. नाही ती घरी परतते, किंवा वाटेत जे खासगी नर्सिंग होम दिसेल तिथे शिरते. व्याख्येप्रमाणे ही सगळी ‘पोहोचीशी संबंधित कारणं’, म्हणजे वजा. उरलेल्या खोलीत मग तुम्ही शोधणार की सायनच्या डॉक्टरने तिला वेगळं वागवलं का. तिथवर ती आली तर ना!

कामगारांचंही असंच. अंबरनाथच्या एमआयडीसीत आणि उल्हासनगरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठी राज्य कामगार विमा योजनेचं रुग्णालय उल्हासनगरातच आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ती योजना लागू होते. पण कंत्राटदाराच्या वहीत नाव नसेल, किंवा घरातच जीन्सची शिलाई करणाऱ्या दहापेक्षा कमी माणसांच्या युनिटमध्ये तुम्ही असाल, तर कार्ड नाही. कार्ड कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही हे गाव, जात, भाषा आणि मुकादम कोण यावर बरंच ठरतं. रिग्रेशनमध्ये मात्र ‘विमा : हो/नाही’ असा एक साधा रकाना होतो आणि आपण तो ‘कंट्रोल’ करून मोकळे होतो.

इथे जरा थांबतो, कारण नव्या मुलांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. जात किंवा जमात ही ‘एक्स’, उपचार हा ‘वाय’. शिक्षण, संपत्ती, राहण्याचं ठिकाण, विमा हे सगळं मॉडेलमध्ये टाकलं की जातीचा गुणक लहान होतो, कधी शून्याजवळ जातो. लगेच निष्कर्ष: ‘जातीचा स्वतंत्र परिणाम आढळला नाही.’ अहो, शिक्षण आणि संपत्ती हे जातीच्या आधी घडलेलं काही नाही. माणूस जातीत आधी जन्मतो, शाळेत नंतर जातो. हे सगळे घटक त्या परिणामाचे रस्ते आहेत, मीडिएटर. रस्ते बंद करून ‘गाडी आलीच नाही’ म्हणण्यात काय अर्थ? ओअक्साका-ब्लाइंडर डिकंपोझिशनमध्ये तर ही चूक शब्दांतच शिरलेली आहे. त्यातल्या एका भागाला ‘एक्सप्लेन्ड’ म्हणतात, आणि वाचणारा त्याचा अर्थ ‘रास्त’ असा घेतो. तफावतीचा सत्तर टक्के भाग संपत्तीने ‘समजावला’ (हा आकडा फक्त उदाहरणाचा) याचा अर्थ सत्तर टक्के अन्याय कुठल्या वाटेने आला ते कळलं, इतकाच. अन्याय तेवढ्याने कमी होत नाही.

हे झालं व्याख्येतल्या ‘पोहोची’चं. ‘गरज’ हा शब्दही इथे तितकाच घसरतो, आणि त्यासाठी उल्हासनगरसारखी जागा शोधून सापडणार नाही.

दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. कॅम्प एक ते पाच ही नावं अजून पत्त्यात आहेत. या समाजात बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचं प्रमाण जास्त आहे, हे रक्तविज्ञानात जुनं ज्ञान आहे. ६१९ बेसची एक विशिष्ट डिलीशन सिंध्यांमध्ये वारंवार सापडते. म्हणजे इथे एका वांशिक गटाची वैद्यकीय गरज खरोखरच वेगळी आहे. पण सरकारी सर्वेक्षणात हा गट दिसतो का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालात आपल्याला चार रकाने मिळतात: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, ओबीसी आणि इतर. कॅम्पातला सिंधी ‘इतर’मध्ये. त्याच ‘इतर’मध्ये बदलापूरच्या नव्या टॉवरमधलं मराठा कुटुंब आणि अंबरनाथमधलं ब्राह्मण कुटुंब.

सरासरीने काय होतं ते आकड्यात बघू. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा शहरांच्या अभ्यासात (मुंबई त्यात होती) ५६,७८० कॉलेजची मुलं आणि गरोदर स्त्रिया तपासल्या गेल्या. वाहकांचं एकूण प्रमाण निघालं २.७८ टक्के. पण ५९ समूहांत वेगवेगळं पाहिलं तर शून्यापासून ९.३ टक्क्यांपर्यंत. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारात एक. आता कागद घ्या. २.७८ टक्के धरले आणि लग्नं कशीही होतात असं मानलं तर साधारण ५,२०० जन्मांमागे एक बाळ. ९.३ टक्के धरले आणि लग्नं त्या समूहातच होतात असं मानलं तर साधारण ४६० जन्मांमागे एक. अकरा पटींहून जास्त फरक, आणि तो एका ‘इतर’च्या रकान्यात सहज मावतो. वाहक ओळखायला लागतं काय, तर एचबीए-टूची एक तपासणी, गरोदरपणाच्या सुरुवातीला. न ओळखल्याची किंमत म्हणजे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आणि शरीरात साठणारं लोह काढायची औषधं, आयुष्यभर.

पण लगेच ‘मग प्रत्येक समूहाचा वेगळा रकाना करा’ असं लिहू नका. लेबलचा दुसरा धोका आहे. थॅलेसेमिया हा ‘सिंध्यांचा आजार’ ठरला की तपासणीची शिबिरं सिंधी वस्तीत होतात, समाजाच्या संस्था पुढे येतात, लग्नाआधी तपासायची चर्चा होते. हे सगळं चांगलंच. पण त्याच रांगेत उभ्या असलेल्या आगरी किंवा बौद्ध मुलीच्या फिकट रक्ताला ‘लोहाच्या गोळ्या घे’ एवढंच उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. वाहक असलेल्या बाईचं हिमोग्लोबिनही थोडं कमीच असतं आणि ते नुसत्या गोळ्यांनी भरून येत नाही. २.७८ ही सरासरी लहान असली तरी शून्य नाही, आणि तिच्यात सगळे आहेत. आडनाव वाचून तपासणी ठरवणं आणि आडनावाकडे दुर्लक्ष करून सरासरी काढणं, दोन्हीकडे कुणीतरी सुटतंच. तुमच्या प्रबंधात नेमकं कोण सुटतंय ते लिहा, एवढं मागणं.

आता दुसरा रकाना, ‘अनुसूचित जमाती’. अंबरनाथ तालुक्यात ठाकूर आणि कातकरी दोघांच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक. बाकी दोन कोलाम आणि माडिया गोंड. ठाकरांकडे थोडीफार शेती असते, कातकऱ्यांकडे बहुतेक वेळा घराखालची जमीनही स्वतःच्या नावावर नसते. दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. म्हणजे वाडीवर गरोदर म्हणून नोंदवलेली बाई सातव्या महिन्यात तिथे नसते. जिथे असते तिथल्या आशाताईच्या यादीत तिचं नाव नसतं. लसीकरणाचं कार्ड झोपडीच्या आढ्याला खोचलेलं. घरं मोजून नमुना निवडणाऱ्या कुठल्याही सर्वेक्षणात भट्टीवरची पाच महिन्यांची झोपडी सुटायची शक्यता मोठी, आणि वाडीवरच्या घराला कुलूप. रक्ताच्या आजाराचंही तेच. सिकलसेल म्हटलं की ‘आदिवासी’ असं आपण सरसकट म्हणतो, पण सातपुड्यातल्या पावरा-भिल्लांचं किंवा विदर्भातल्या गोंडांचं प्रमाण उचलून ठाण्यातल्या ठाकर-कातकऱ्यांना लावता येत नाही.

त्यात भर म्हणजे काही आदिवासी वाड्या आज नगरपालिकेच्या हद्दीत आहेत. डेटासेटमध्ये त्यांचं ठिकाण ‘शहरी’. शहरी म्हणजे दवाखाना जवळ असं मॉडेल समजतं. नळसुद्धा जवळ असेलच असं नाही.

‘गरज’ मोजायची कशी हा प्रश्न मात्र याहून खोल आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आरोग्यविषयक फेऱ्यांत ‘गेल्या पंधरा दिवसांत आजारी होता का’ असं विचारतात, आणि देशपातळीवर आदिवासी कुटुंबांत आजार कमी नोंदवला जातो. निरोगी आहेत म्हणून? अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच मांडलं होतं: केरळात लोक सगळ्यात जास्त जगतात आणि आजारही सगळ्यात जास्त सांगतात, बिहारमध्ये आयुष्य कमी आणि तक्रारही कमी. ज्याला दवाखाना माहीत आहे तोच दुखण्याला आजार म्हणतो. खर्चाचंही तसंच. २०१९ मध्ये ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की अमेरिकन रुग्णालयांतलं एक अल्गोरिदम खर्चावरून गरज ठरवत होतं. कृष्णवर्णीयांवर खर्च कमी होत होता म्हणून ते कमी आजारी ठरत होते. भट्टीवरच्या कुटुंबाचा औषधाचा खर्च मोजा आणि त्याला ‘गरज’ म्हणून व्याख्येत बसवा, तुमचं उत्तर आधीच ठरलेलं असेल: गरजच कमी, मग विषमता कसली?

ठाणे जिल्ह्याचे आकडे वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण ही चूक मी सेमिनारमध्ये ऐकली आहे. सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतला (२०१५-१६) ‘ठाणे’ आणि पाचव्या फेरीतला (२०१९-२१) ‘ठाणे’ हे एकच ठाणे नाहीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला, पण चौथ्या फेरीने २०११ च्या जनगणनेचे जिल्हे धरले होते. पाचव्या फेरीत जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू हे आदिवासी तालुके ठाण्यातून बाहेर गेलेले. दोन आकडे शेजारी ठेवून ‘पाच वर्षांत ठाण्यात सुधारणा’ असा आलेख काढाल तर तुम्ही नकाशा मोजलात, आरोग्य नाही.

मग डॉक्टरच्या खोलीतला भेदभाव शोधायचाच नाही का? शोधायचा, पण त्याची साधनं वेगळी आहेत. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात-राजस्थानच्या गावांतल्या दलित मुलांबद्दल जे काम केलं ते वाचा. नाडी बघताना हात लावला का, औषध हातात दिलं की वरून टाकलं, किती वेळ थांबवलं, बोलण्याची पद्धत कशी होती, असे प्रश्न त्यांनी विचारले. सुखदेव थोरात आणि कॅथरिन न्यूमन यांच्या ‘ब्लॉक्ड बाय कास्ट’ या २०१० च्या संग्रहात त्यांचं प्रकरण आहे. तिथे वजाबाकी नाही, वागणूक थेट मोजलेली आहे. माझ्या मते आपल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या पानावर हा संदर्भ ठेवावा आणि अमेरिकन अहवाल तिसऱ्या पानावर.

आणि अमेरिकन अभ्यास वाचायचेच तर भांडणासकट वाचा. १९९९ चा शुलमन यांचा प्रसिद्ध प्रयोग घ्या. ७२० डॉक्टरांना नटांच्या चित्रफिती दाखवल्या. तक्रार तीच, फक्त रंग आणि लिंग वेगळं. अँजिओग्राफीसाठी पाठवण्याचा ऑड्स रेशो कृष्णवर्णीयांसाठी ०.६ आला आणि वर्तमानपत्रांनी ‘४० टक्के कमी’ असं छापलं. प्रत्यक्षात प्रमाण होतं ९०.६ विरुद्ध ८४.७ टक्के. त्याच जर्नलमध्ये लगेच टीका आली. शिवाय आत बघितलं तर जवळजवळ सगळा फरक एकाच गटात होता, कृष्णवर्णीय स्त्रियांत. ‘अनुसूचित जमाती’ आणि ‘स्त्री’ असे दोन वेगळे गुणक छापून थांबणाऱ्यांनी हे तक्ते जरूर उघडावेत.

आपल्या सरकारी केसपेपरवर नाव, आडनाव, वय, पत्ता असतो. जातीचा रकाना सहसा नसतो. जात लिहिली जाते ती अनुदान असतं तिथे. जननी सुरक्षा योजनेचा लाभ महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या स्त्रियांना असल्यामुळे त्या नोंदवहीत ती सापडते, तीही दाखला असेल तर. म्हणजे ज्या कातकरी बाईकडे दाखला नाही ती तुमच्या नोंदवहीत ‘इतर’ होऊ शकते! केसपेपरवर जात लिहावी का, यावर मला अजून ठाम बोलवत नाही. लिहिली तर तफावत मोजता येईल. पण खिडकीवरचा माणूस आडनाव आधीच वाचतो, त्याच्या हातात आणखी एक रकाना द्यावा का?

तोवर रेफरची चिठ्ठी धरा. बदलापूर किंवा अंबरनाथच्या छाया रुग्णालयाच्या रेफर रजिस्टरमधल्या किती नोंदी उल्हासनगरच्या आवक रजिस्टरमध्ये सापडतात, आणि तिथल्या किती पुढे कळव्याला, हे जुळवणं कंटाळवाणं काम आहे, पण त्यात पोहोच आणि उपचार वेगळे करावे लागत नाहीत. गळती कुठल्या दारावर होते ते दिसतं. मग त्या दारापासून मागे घरापर्यंत जाऊन मुलाखती घ्यायच्या. जिल्हा शल्य चिकित्सकांची परवानगी आणि महापालिकेची परवानगी वेगवेगळी लागते, कारण कळव्याचं रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे आणि उल्हासनगरचं राज्य सरकारचं. एथिक्स कमिटीचे महिने यात धरलेले नाहीत. कातकरी कुटुंबं नमुन्यात हवी असतील तर जुलै-ऑगस्टमध्ये वाडीवर ओळख करून घ्या आणि जानेवारीत त्याच कुटुंबांना भट्टीवर भेटा. भट्टीवर जाताना मालकाच्या माणसाबरोबर जाऊ नका; वाडीवरच्या कुणाला तरी सोबत घ्या, आणि प्रवासाचे व त्याच्या बुडालेल्या रोजाचे पैसे फेलोशिपच्या आकस्मिक खर्चात आधीच दाखवा.